‘शिवणारीला कसलं श्रेय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इटलीतल्या सिनेमा-नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या बायकांवर मी लिहिलं, ते तुम्हाला भाबडं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कल्पना डिझायनरची, चित्र त्याचं, बक्षीस त्याचं, शिवणारीने सांगितलं तसं शिवलं आणि मजुरी घेतली. शिवाय पोशाख डिझायनर भानू अथैया आपल्या असताना रोमला कशाला जायचं?

इटलीचे पोशाख डिझायनर पिएरो तोझी थोर होते, याबद्दल आपलं दुमत नाही. २०१३ साली मिळालेलं मानद ऑस्कर त्यांना फार उशिरा मिळालं, असंच मला वाटतं. पण त्यांची पेन्सिल थांबल्यावर पुढे काय होतं, ते जरा जवळून बघू.

तोझींनी पोशाख केलेल्या ‘इल गात्तोपार्दो’ (१९६३) या चित्रपटातला नाचाचा लांबलचक प्रसंग घ्या. कथेचा काळ १८६०च्या सुमाराचा. त्या काळच्या बायकांच्या घट्ट चोळीत खांद्याची शिवण माथ्यावर नसते, पाठीकडे उतरलेली असते. मुंढा (बाही जोडायची जागा) लहान, पाठीचे तुकडे अरुंद. असा कपडा अंगात चढला की खांदे आपोआप मागे जातात, मान लांब दिसते, हात फारसा वर उचलत नाही. नटीची बसण्या-वळण्याची ढबच बदलते. चित्रात उतरता खांदा दिसतो. पण या नटीच्या अंगावर शिवण नेमकी किती मागे घ्यायची, हे चित्रात नसतं. ते कापड बेतणारीला ठरवावं लागतं. आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना, टाचण्या, खडूच्या खुणा, उसवणं, परत टाचणं. मग कुठे रेशमाला कात्री लागते, आणि तिथे चूक झाली तर ते कापड गेलं. याला तुम्ही ‘सांगितलं तसं शिवलं’ म्हणता?

या चित्रपटाच्या वेळी उंबेर्तो तिरेल्ली रोमच्या ‘साफास’ या शिवणगृहात काम करत. १९६४ साली त्यांनी स्वतःचं शिवणगृह काढलं. जुन्या घराण्यांतले खरे कपडे त्यांनी आयुष्यभर जमवले, कारण कपड्याचं शहाणपण आतल्या बाजूला असतं: अस्तरात, टाक्यांत, चुण्यांच्या हिशोबात. डिझायनर गाब्रिएला पेस्कुच्ची यांना ‘द एज ऑफ इनोसन्स’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं, ते पोशाख तिरेल्लींच्या शिवणगृहातले. शिवणगृहाचं नाव जगाला ठाऊक आहे. टाके घालणाऱ्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

ऑपेराचं काम तर आणखी अवघड. मिलानच्या ला स्काला थिएटरच्या कार्यशाळा २००१पासून आन्साल्दोच्या जुन्या कारखान्यात आहेत. ऑपेराचा पोशाख वर्षानुवर्षं वापरला जातो, आणि पुढच्या वेळची गायिका वेगळ्या अंगाची असते. म्हणून शिवणीत भरपूर माया, म्हणजे आतलं जादा कापड, सोडावी लागते, आणि तरी ती प्रेक्षकांना दिसू द्यायची नसते. गाताना बरगड्या फुलतात. कंबर चित्रातल्यासारखी बारीक हवी, पण श्वास अडता कामा नये. हे गणित शिवणारीने सोडवलं नाही, तर ती गायिका गाणार कशी?

आता मजुरीचा मुद्दा. झोए, मिकोल आणि जोव्हान्ना या फोंताना भगिनी आईच्या हाताखाली शिवण शिकल्या. पुढे तिघींनी रोममध्ये स्वतःचं दुकान थाटलं, आणि ‘द बेअरफूट कोन्टेसा’ (१९५४) या चित्रपटातल्या नटी एव्हा गार्डनरच्या कपड्यांना त्यांचं नाव लागलं. दुसऱ्याच्या दुकानात त्याच मशीनवर बसल्या असत्या, तर तुमच्या हिशोबाने त्याही मजूरच ठरल्या असत्या. हात तेच, कसब तेच. मालकी आली म्हणून नाव आलं. माझा राग आहे तो यावर.

भानू अथैयांचा मलाही अभिमान आहे. कोल्हापूरच्या या बाईंनी ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर घेतलं. त्यांच्यावर जरूर लिहीन, आणि तेव्हाही विचारीन की त्या चित्रपटातल्या अफाट गर्दीचे कपडे बेतले कोणी, टीप कोणी घातली.

‘शेकडो जणींची नावं कुठे मावणार?’ असंही तुम्ही लिहिलंय. आजकाल सिनेमाच्या शेवटची नामावली कितीतरी मिनिटं चालते. ड्रायव्हर, स्वयंपाकी, कॉम्प्युटरवर काम करणारे शेकडो लोक तिथे मावतात, आणि मावलेच पाहिजेत. त्यांच्या खाली या बायकांची नावं घाला. जागा आहे.