दोन्ही स्ट्रिप्स एकत्र फक्त घरातच दिसतात

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बीपीच्या औषधात चूक झाली तर ती डॉक्टरची, नाहीतर केमिस्टची. पेशंटने फक्त हातात मिळालेली गोळी गिळावी. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्यात, बीपी नॉर्मल आलं की बंद करावी. काढे, दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना सांगत बसू नये.’ यातलं एकही वाक्य धरून चालण्यासारखं नाही.

पहिलं तर मला फार खुपतं. माझी आई बीपीसाठी अम्लोडिपिन ५ (मिलिग्रॅम) ही गोळी घेत होती. मध्ये तिला ॲडमिट करावं लागलं. घरी सोडताना टेल्मिसार्टन ४० (हेही बीपीचंच औषध) आणि अम्लोडिपिन ५ यांची एकत्र गोळी लिहून दिली. नाव वेगळं, स्ट्रिपचा रंग वेगळा. त्यामुळे जुनी गोळीही चालूच राहिली. महिन्याभरात घोटे इतके सुजले की चपलेचा पट्टा लागेना. आम्ही म्हणालो, वय झालं. फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर औषधांची पिशवी उलटी केली, तेव्हा त्यांनी दोन्ही स्ट्रिप्स शेजारी धरून अम्लोडिपिन हा शब्द बोटाने दाखवला. तेच औषध दुप्पट जात होतं, सूज त्याचीच. हॉस्पिटलला जुनी गोळी माहीत नव्हती, फॅमिली डॉक्टरांना नवी. केमिस्टने कागदाप्रमाणे दिलं. दोन्ही स्ट्रिप्स एकत्र दिसत होत्या त्या फक्त आमच्या घरात. म्हणून कंपनीच्या नावाबरोबर छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. नावापुढे ‘एएम’ असेल तर बहुतेक वेळा आत अम्लोडिपिन असतं, ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारं औषध.

राहिलेल्या गोळीची भरपाई दोन घेऊन करू नका. बीपी एकदम उतरून चक्कर येते. त्याच दिवशी आठवलं तर घ्या, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या.

बीपी नॉर्मल आलंय ते बहुतेकदा गोळी चालू आहे म्हणूनच. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडिन यांसारखं बीपीचं औषध अचानक थांबवलं तर बीपी उसळी मारू शकतं, आणि हृदयविकार असणाऱ्याच्या छातीत दुखू लागू शकतं. कमी करायचीच असेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात.

आणि डॉक्टरांपासून लपवायचं कशासाठी? गुडघ्यासाठी घेतलेलं डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन बीपी वाढवतं, मूत्रपिंडावरही ताण आणतं. रोजच्या काढ्यातलं ज्येष्ठमधही बीपी वाढवतं. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घेणाऱ्याच्या रक्तात ते धोक्याइतकं वाढू शकतं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना मिठाचं पाकीटही पिशवीत टाका.