लॅपटॉपचे सीमोल्लंघन

आमच्या घरातला लॅपटॉप २०१३ सालचा आहे. त्याचे बटण दाबणे आणि त्याच्यावर प्रत्यक्ष काम सुरू होणे या दोन घटनांमध्ये गेल्या काही वर्षांत इतके अंतर पडले होते की, त्या अवधीत घरातल्या चौघांचा सकाळचा चहा करण्याचे काम आपोआपच माझ्याकडे आले होते. बटण दाबायचे, पातेले गॅसवर चढवायचे, आले ठेचायचे, चहा उकळून गाळायचा आणि कप घेऊन टेबलापाशी यायचे. तोवर पडद्यावरचे ठिपक्यांचे वर्तुळ फिरायचे थांबलेले असे. एकदा मी घड्याळ लावून पाहिले तेव्हा नऊ मिनिटे भरली. आल्याच्या चहाला हा वेळ अगदी योग्य आहे, पण लॅपटॉपच्या दृष्टीने तो लाजिरवाणाच म्हणावा लागेल.

त्यातच विंडोज १०ची अद्ययावत करण्याची सोय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, अशी सूचना पडद्यावर वरचेवर येऊ लागली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे नात्याने खापरपणजोबाच्याही वरचा. "अहो, नवा घ्या की एकदाचा," असे पत्नीने सुचवले. हे बोलणे इतके शहाणपणाचे होते की, ते मान्य केले असते तर माझ्याकडे करण्यासारखे काहीच उरले नसते. चार जीबी रॅमची आठ करायची, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची आणि वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली घालायची, असा बेत मी जाहीर केला. व्हिडिओत एक तरुण हे सारे अकरा मिनिटांत उरकताना मी पाहिला होता. त्याच्या टेबलावर दुसरे काही नव्हते, त्याचे स्क्रू एकाच फिरकीत निघत होते, आणि मुख्य म्हणजे त्याच्या पाठीशी वडील उभे नव्हते.

माझ्या पाठीशी होते. आमच्या आप्पांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छत्तीस वर्षे लेथवर काढली असून, शेतावरच्या पंपाला जोडायची जी ऑइल इंजिने त्या भागातून गावोगावी गेली, त्यांपैकी कित्येकांचे भाग त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. त्यांच्या लेखी यंत्र म्हणजे ज्यात काहीतरी फिरते, जे तापते आणि ज्याला अधूनमधून तेल लागते अशी वस्तू. या व्याख्येत लॅपटॉप बसतो की नाही, याचा निकाल त्यांनी बारा वर्षे राखून ठेवला होता.

रॅमची खरेदी मी आधीच्या आठवड्यात केली, आणि ती दोनदा केली. शाहूपुरीतल्या दुकानदाराने मला "डीडीआर थ्री का फोर?" असे विचारले. कोणत्याही मालात पुढचा आकडा चांगला असतो, या सर्वसाधारण समजुतीवर विसंबून मी "फोर" असे उत्तर दिले. घरी येऊन पाहतो तो पट्टीची खाच एकीकडे आणि खोबणीतला दाता भलतीकडे. डीडीआर थ्रीच्या लॅपटॉपच्या पट्टीला २०४ पिना असतात आणि फोरच्या पट्टीला २६०, ही माहिती मला त्या रात्री मिळाली. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने पट्टी निमूटपणे बदलून दिली, पण देताना त्याने "एल का साधी?" असा नवा प्रश्न टाकला. एल म्हणजे दीड व्होल्टऐवजी १.३५ व्होल्टवर चालणारी. या वेळी मात्र मी काही न बोलता जुनी पट्टीच खिशातून काढून त्याच्यापुढे ठेवली.

शस्त्रक्रियेसाठी मी दसरा निवडला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे पंचांग पाहावे लागत नाही, आणि आदल्या दिवशी खंडेनवमीला आप्पांच्या व्हर्निअर आणि मायक्रोमीटरच्या शेजारी लॅपटॉपचीही पूजा झालेली होती. हळदकुंकवाचे बोट झाकणावर तसेच होते. पुरणपोळीनंतर मी टेबलावर जुनी चादर अंथरली, बॅटरी काढून ठेवली, उरलीसुरली वीज जावी म्हणून पॉवरचे बटण वीस सेकंद दाबून धरले आणि पाठीवरचे झाकण उघडले. स्क्रू ठेवण्यासाठी पत्नीने मसाल्याचा जुना डबा दिला होता. सात वाट्यांत सात प्रकारचे स्क्रू ठेवण्याची ती कल्पना मला त्या वेळी फारच शास्त्रशुद्ध वाटली.

खरे सांगायचे तर मूळ काम वीस मिनिटांतच झाले. रॅमची पट्टी तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंचे चाप कट् असा आवाज करून तिला धरतात. त्यात अवघड असे काही नाही. जुनी डिस्क बाहेर काढून मी आप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती तळहातावर तोलली आणि लेबल दूर धरून वाचले.

"मिनिटाला किती फेरे म्हणालास?"

"पाच हजार चारशे."

"बारा वर्षं?"

"हो."

आप्पा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी डिस्कवरून अंगठा फिरवला. "बेअरिंग कुणाचं हाय?"

ते मला सांगता आले नाही. मग नवी एसएसडी त्यांनी हातात घेतली, आणि ती इतकी हलकी निघाली की, आत माल भरायचा राहून गेला असावा अशी शंका त्यांना आली. हिच्यात काहीच फिरत नाही, असे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर त्यांनी आजवर फक्त भेसळीचे तेल विकणाऱ्यांसाठी राखून ठेवली होती. त्यांनी व्हर्निअर आणून दोन्हींची जाडी मोजली. जुनी साडेनऊ मिलिमीटर, नवी सात. "अडीचचा प्ले हाय," असा निर्णय झाला. एसएसडी बाजूच्या स्क्रूंनी पक्की बसते, हे मी सांगून पाहिले. पण आप्पांनी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचे पॅकिंग कापून ते डिस्कखाली सरकवलेच. खोक्यात नेमकी त्याच मापाची प्लॅस्टिकची चौकट आली होती आणि ती मी सकाळी कचरा समजून टाकली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

इथे झाकण लावून मी हात धुतले असते, तर ही हकीकत इथेच संपली असती.

"त्यो घरघरतोय त्यो आवाज कशाचा?" आप्पांनी विचारले.

"पंख्याचा. पण त्यासाठी पूर्ण खोलावा लागेल."

"मग खोल की. उघडलंच हाईस तर."

कोल्हापुरातली निम्मी यंत्रे या एका वाक्याने दुरुस्त झाली असतील आणि उरलेली निम्मी याच वाक्याने कायमची बंद पडली असतील. रबराच्या पायांखाली दडलेले स्क्रू काढा, डीव्हीडीचा खण ओढा, कीबोर्डच्या वरच्या कडेचे चाप दाबून तो उचला, त्याखालची कागदासारखी पातळ केबल सोडवा, आणि मग हात टेकायचा वरचा भाग तळापासून सुटा करा, असा तो क्रम होता. या शेवटच्या पायरीला मी जुने एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवू लागलो. प्रत्येक चाप सुटताना जो आवाज होतो, तो चाप तुटतानाच्या आवाजाहून कोणत्याही बाबतीत निराळा नसतो. आप्पा दर वेळी "सुटलं का तुटलं?" असे विचारत होते आणि मी दर वेळी "सुटलं" असे आत्मविश्वासाने सांगत होतो.

पंखा दिसला तेव्हा मात्र आम्ही दोघेही वाकून पाहत राहिलो. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारी पत्र्याची बारीक जाळी यांच्या मध्ये नमद्यासारखा घट्ट, करडा पट्टा बसला होता. चिमट्याने ओढल्यावर तो अख्खाच्या अख्खा बाहेर आला. त्याच्या कडेवर झाडाच्या खोडात असतात तशा रेघा होत्या, आणि त्यांतल्या काही चक्क गुलाबी होत्या. आमचे घर गुलालाच्या मिरवणुकांच्या वाटेवर आहे आणि लॅपटॉप खिडकीशी असतो. आप्पांनी चष्मा लावून पट्टा उजेडात धरला. "ह्यो खालचा महापालिकेच्या इलेक्शनचा," ते म्हणाले, "आणि ह्यो वरचा जोतिबाचा. जोतिबाचा रंग निराळा असतोय." त्यांनी तो पट्टा टाकू दिला नाही.

पंख्याबरोबर तांब्याची नळी आणि प्रोसेसरवरची पट्टीही निघाली. तिच्याखालची थर्मल पेस्ट वाळक्या चुन्यासारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून ती पुसली आणि मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये बारीक खळगे राहतात, खळग्यांत हवा राहते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही, म्हणून ही पेस्ट, असे मी आप्पांना समजावून सांगू लागलो. ते ऐकत आहेत असे मला वाटले; प्रत्यक्षात ते माझ्या हाताकडे पाहत होते. पट्टी जागेवर ठेवून मी चारांपैकी पहिला स्क्रू पूर्ण कसायला घेतला, तोच त्यांनी माझे मनगट धरले.

"एकदम न्हवं. समोरासमोर. अर्धा अर्धा आटा."

"का?"

"इंजिनाचं हेड कसं कसतोस? एका अंगाला कसलास की दुसरं अंग उचलतंय. मग गॅस्केट गेलं."

मी स्क्रू सैल केला. मग कोपऱ्यातला एक, त्याच्या समोरचा, मग तिसरा, त्याच्या समोरचा, प्रत्येकी अर्धा आटा, असे फेरे घातले. काम संपल्यावर पट्टीवर वाकून पाहिले तेव्हा प्रत्येक स्क्रूशेजारी मुंगीएवढा आकडा कोरलेला दिसला. एकच्या समोर दोन, तीनच्या समोर चार. हे आकडे व्हिडिओतल्या तरुणाने दाखवले होते आणि मी विसरलो होतो; आप्पांना तर ते चष्म्यासकट दिसण्यासारखे नव्हते.

एव्हाना साडेपाच झाले होते. सूर्यास्ताला दसरा चौकात शमीपूजन असते आणि तिथे सर्वांनी मिळून जायचे असे ठरलेले होते. पत्नी आणि मुलगी टेबलाकडे एकदा पाहून न बोलता निघून गेल्या. तेवढ्यात शेजारचे काका सोने द्यायला आले. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," असे म्हणत त्यांनी आपट्याची पाने टेबलावर जी मोकळी जागा दिसली तिच्यावर, म्हणजे थेट मदरबोर्डवर, ठेवली. रॅमच्या पिनांवर खरोखरच सोन्याचा मुलामा असतो, त्यामुळे त्या दिवशीच्या सोन्याला जागा तशी चुकीची मिळाली असे म्हणता येणार नाही.

परत जुळवणी करताना मसाल्याच्या डब्याने दगा दिला. वाटी धुतली तरी तिच्या काठाच्या वळणात काय अडकलेले असते, हे फक्त स्वयंपाक करणाऱ्यालाच ठाऊक असते. सर्वांत बारीक काळ्या स्क्रूंच्या वाटीतून एक दाणा उचलून मी कीबोर्डखालच्या भोकावर ठेवला आणि त्यावर स्क्रू-ड्रायव्हर फिरवू लागलो. तो फिरत होता, पण आत जात नव्हता. "आटे गेले वाटतं," मी म्हणालो. आप्पांनी तो दाणा चिमटीत घेतला, निरखला आणि दाताखाली धरून फोडला. मोहरी होती.

सगळे एकोणीस स्क्रू आपापल्या जागी गेल्यावर मी बटण दाबले. पडदा उजळला; कीबोर्डची एकही कळ उमटेना. नखाएवढ्या रुंदीच्या त्या पातळ केबलला धरून ठेवणारी एक काळी पट्टी असते, ती दोन्ही टोकांशी दाबून मिटवावी लागते. माझ्याकडून ती एकाच टोकाशी मिटली होती. पुन्हा पाठीवरून स्क्रू काढणे, पुन्हा चाप, पुन्हा "सुटलं का तुटलं?". या खेपेला एक तुटले. ते मी बोललो नाही आणि आप्पांनी विचारलेही नाही.

रात्री मुलीने पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट घातले. ती कथा सांगण्यासारखी नाही, कारण त्यात काहीच बिघडले नाही.

सकाळी मी सवयीने बटण दाबले आणि स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यात पाणी ओतून लायटर शोधतो तोच बाहेरून लॅपटॉप चालू झाल्याची धून ऐकू आली. बाहेर येऊन पाहिले तर पडदा माझी वाट पाहत उभा होता, पंख्याचा आवाजही नव्हता. मी खुर्चीत बसलो आणि लगेच कामाला लागलो. पाऊण तासाने पत्नी बाहेर आली, तिने टेबलावर पाहिले, मग स्वयंपाकघरात डोकावून कोरडी शेगडी पाहिली.

"अहो, चहा?"

मी लॅपटॉप बावीस सेकंदांत सुरू होतो, असे तिला सांगायला सुरुवात केली. पण माझे वाक्य पुरे होण्यापूर्वीच आप्पा आपल्या खोलीतून बाहेर आले. व्हर्निअर गुंडाळतात त्या फडक्यातून त्यांनी जुनी डिस्क काढली आणि हलक्या हाताने लॅपटॉपशेजारी ठेवली.

"बसीव परत," ते म्हणाले.