‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न केसपेपरवरून काढा

दुपारपासून डोकं फिरलंय. एक मैत्रीण, वय ३८, बारा वर्षं एका बाईसोबत संसार करतेय. आज मुंबईतल्याच एका दवाखान्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, करून घ्यायला गेली. केसपेपर भरताना पहिला प्रश्न, लग्न झालंय का? नाही म्हटल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, “मग तुम्हाला कशाला हवी?” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

कशाला हवी? कारण हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीला पसरायला पुरुष लागत नाही. त्वचेला त्वचा लागणं, बोटं, दोघींनी वापरलेलं सेक्स टॉय, एवढं पुरतं. शिवाय कितीतरी लेस्बियन बायकांचे आधी पुरुषांशी संबंध आलेले असतात, काहींची तर लग्नं लावून दिलेली असतात. केसपेपरवर त्याला जागाच नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दर ३ वर्षांनी पॅप किंवा तिशीनंतर दर ५ वर्षांनी एचपीव्ही टेस्ट करायची, आणि त्यात बाईशी संबंध असलेल्या बाईला सूट नाही. याच शहरात टाटा हॉस्पिटलने वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास करून दाखवलं की गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड लावून केलेल्या साध्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होतात. त्याच शहरात “कशाला हवी?”

ओपीडीबाहेर शंभर पेशंट ताटकळत असतात आणि ‘कुमारिकेची आतून तपासणी केली’ म्हणून घरचे येऊन भांडतात, हे मान्य. पण ३८ वर्षांच्या बाईने स्वतः मागितलेली तपासणी?

विचारायचं ते एवढंच: शरीरसंबंध येतात का, बाईशी की पुरुषाशी की दोघांशी, आणि योनीत काही घालायची सवय आहे का. अर्धा मिनिट लागतं. शेवटचं उत्तर ‘नाही’ असेल तर सर्वांत अरुंद स्पेक्युलम (योनी उघडून धरायचा चिमटा) घ्या, कोमट पाण्याने ओला करा. जेल लावलंच तर अगदी थोडं आणि टोकाला नाही, कारण ते नमुन्यात मिसळलं की स्लाइड वाचता येत नाही आणि बाईला परत त्याच टेबलावर झोपावं लागतं. तिला हवं तर स्पेक्युलम तिलाच आत सरकवू द्या. तरीही जमलं नाही तर एचपीव्हीसाठी तिने स्वतः स्वॅब घ्यावा: साधारण ५ सेंटीमीटर आत, १० ते ३० सेकंद गोल फिरवायचा, नळीत टाकायचा. मात्र आपल्या लॅबमध्ये तसा नमुना चालतो का, ते आधी फोन करून विचारा.

अंगावरून पांढरं जाणं, वास येणं, याचंही तेच. बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी (योनीतल्या जंतूंचा तोल बिघडतो तो त्रास) ७ दिवसांच्या गोळ्या देतात, अनेकदा ते परत येतं, तरी जोडीदारणीला त्रास आहे का हे कुणी विचारत नाही. टॉय साबणाने धुवा, दुसरीसाठी नवा कंडोम चढवा, हे सांगायला कुणाची जीभ रेटत नाही.

रेटणार कशी? २०२४ मध्ये एमबीबीएसच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात लेस्बियन संबंध ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्हे’ म्हणून परत घातले होते. समलिंगी संबंध गुन्हा नाही हा कलम ३७७ चा निकाल २०१८ चा! ओरड झाली तेव्हा कुठे मागे घेतलं.

आणि मैत्रिणीची जोडीदारीण बाहेर बाकड्यावर बसली होती. तिला विचारलं, “नातेवाईक कुणी नाही का आलं?” बाई सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती तिची एकटीची पुरते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ तर मानसिक उपचारांसाठी साध्या कागदावर सही करून कुठल्याही सज्ञान व्यक्तीला आपली प्रतिनिधी नेमू देतो. तो कागद आजच करून ठेवा गं.

आता जरा शांत झालेय. तिच्यासाठी दुसरीकडे गुरुवारची वेळ घेतली आहे. पाळीचा बारावा दिवस येतो, म्हणजे तारीख बरोबर बसते. आधीचे दोन दिवस आत क्रीम, गोळी, टॉय, बोटं काही नको, हे तिला सांगितलंय. आणि फोनवरच विचारून घेतलंय, जोडीदारीण आत येईल, चालेल ना? सिस्टर म्हणाल्या, “येऊ दे की.”