‘गॅरेजची पायरी चढूच नका’ म्हणणाऱ्या सात उपायांना उत्तर

‘गॅरेजची पायरी न चढता गाडी वर्षानुवर्षं ठणठणीत ठेवा’ असं सांगणारा एक लांबलचक संदेश गाडीमालकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्यात सात उपाय आहेत. गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाका आणि कूलंटऐवजी साधं पाणी भरा. ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चालतो का ते बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढा. चेक इंजिनचा दिवा लागला तर बॅटरी थोडा वेळ सोडून ठेवा. ऑइल काळं पडलं की लगेच बदला, आणि जुन्या गाडीत जाड ऑइल घाला. ब्रेक वाजले तर डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, ब्रेक ऑइल उतरलं तर वरून भरत राहा. टायर फुटू नये म्हणून उन्हाळ्यात त्याची हवा कमी ठेवा. एसीचा गॅस दरवर्षी भरून घ्या.

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, आणि यातले बरेच उपाय करून पाहिले की गुण आल्यासारखंही वाटतं. काटा खाली येतो, दिवा विझतो, आवाज थांबतो. माझा आक्षेप नेमका यालाच आहे. काटा, दिवा, आवाज या गाडीने दिलेल्या खुणा असतात आणि त्यांच्याच आधाराने दोष शोधायचा असतो. हे उपाय खूण पुसून टाकतात, दोष मात्र आत तसाच वाढत राहतो.

ब्रेकचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे, म्हणून संदेशातला क्रम सोडून तो आधी घेतो.

डिस्कवर स्प्रे मारू नका. एकदाही नाही, थोडासाही नाही. चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिच्यावर दाबले जाणारे पॅड यांच्या घर्षणावर गाडी थांबते. त्या स्प्रेमधलं तेल पॅडमध्ये मुरतं आणि मग पॅड पुसून, घासून सुधारत नाहीत, बदलावेच लागतात. आवाज बंद होतो तो घर्षण कमी झाल्यामुळे. एकाच चाकाला तेल जास्त लागलं असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते, आणि हे कळतं ते नेमकं कुणीतरी समोर आडवं आल्यावर.

ब्रेक कशामुळे वाजतात, हे आधी बघा. पावसात भिजून रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो, आपोआप निघून जातो. पण रोज, प्रत्येक वेळी बारीक किर्र आवाज येत असेल तर पॅड संपत आलेत असं समजा. पुष्कळ पॅडना एक पातळ पोलादी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅडचा थर २-३ मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि वाजते. वाजावी म्हणूनच ती दिलेली असते. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारा, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या शिकंज्याच्या) आत डोकवा: डिस्कला चिकटून पॅडचा काळपट थर दिसतो आणि त्यामागे त्याची लोखंडी पाठ. थर त्या लोखंडी पाठीपेक्षाही बारीक दिसत असेल तर वाट बघू नका. आतल्या बाजूचा पॅड बऱ्याचदा आधी झिजतो, त्यामुळे बाहेरचा चांगला दिसला तरी शंका असेल तर चाक काढूनच बघावं.

वरून ब्रेक ऑइल भरत राहण्याचा सल्लाही असाच. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागची जागा ऑइलने भरते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे उतरलेली पातळी पॅडची झीज सांगत असते. तीच जर काही दिवसांत झपाट्याने खाली गेली तर कुठेतरी गळती आहे, आणि ती गाडी त्या अवस्थेत चालवायची नाही. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शोषलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर जुनं ऑइल आतच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून बहुतेक उत्पादक साधारण दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायला सांगतात. वरून भरल्याने आतलं ओलं ऑइल ओलंच राहतं.

आता थर्मोस्टॅट. हा सल्ला जुना आहे आणि लोकप्रियही, कारण काढल्यावर काटा खरोखर खाली येतो. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक कुपी असते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनमध्येच फिरतं, कारण इंजिन लवकर तापावं आणि ठरलेल्या तापमानावर राहावं अशी रचना असते. थर्मोस्टॅट काढला की इंजिन बराच काळ थंड राहतं, ईसीयू (इंजिनवर ताबा ठेवणारा संगणक) मिश्रणात पेट्रोल जास्त सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. काही इंजिनांत तर उलटाच प्रकार होतो. थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो; तोच नसेल तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं आणि चढावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर गाडी तापते, हे खरं आहे. मग तो बदला. अडकलाय का, हे कळणं अवघड नाही. थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरचा वरचा पाइप अधूनमधून हाताने चाचपा, मात्र हात पंख्यापासून लांब ठेवा, तो कधीही सुरू होऊ शकतो. चांगल्या थर्मोस्टॅटमध्ये पाइप बराच वेळ कोमट राहतो आणि काटा मध्यावर आल्यावर थोड्याच वेळात चांगला तापतो. काटा वर चाललाय आणि पाइप अजून गारच, तर झडप उघडत नाही किंवा पाणी फिरत नाही.

गाडी कधी तापते यावरूनही पुष्कळ कळतं. ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर आधी पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले तपासा. मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर तुंबलेला असू शकतो किंवा वॉटर पंप कमजोर. इंजिन तापलंय तरी हीटर थंड हवा फेकतो, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. बाहेर कुठे गळती नाही तरी कूलंट कमी होतंय, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, टाकीत सतत बुडबुडे दिसतायत, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पातळ थराची) तपासणी करून घ्या. अशा गाडीचा थर्मोस्टॅट काढून आणखी काही महिने चालवली तर गॅस्केटवर भागलं असतं ते काम हेडपर्यंत जातं.

साध्या पाण्याबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी: नुसतं पाणी उष्णता कूलंटपेक्षा चांगली वाहून नेतं, आणि रस्त्यात अडकल्यावर थंड झालेल्या इंजिनमध्ये मिळेल ते पाणी भरून घर गाठणं यात गैर काही नाही. पण ते कायम ठेवायचं नाही. कूलंटमध्ये गंजरोधक असतात. त्यांच्याशिवाय अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि पंप आतून खराब होत जातात. क्षार असलेल्या पाण्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. उकळण्याचाही फरक आहे. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण १०६-१०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाच्या साधारण १ बार दाबामुळे ही मर्यादा आणखी वीसेक अंशांनी वर जाते. म्हणूनच इंजिन गरम असताना हे झाकण उघडायचं नसतं: दाब सुटताक्षणी आतलं पाणी एकदम उकळून तोंडावर उसळतं. आणि कूलंटचा रंग बघून तसलंच दुसरं आणू नका. रंगाचं सर्वमान्य प्रमाण नाही. पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्या, कारण न जुळणारे प्रकार मिसळले तर आत गाळ धरू शकतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची चाचणी आजच्या गाडीवर करणं म्हणजे तिच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सला पणाला लावणं. बॅटरी ही ऑल्टरनेटरच्या व्होल्टेजला आवर घालणारी उशी असते. ऑल्टरनेटर चार्ज करत असताना ती अचानक काढली तर व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं. १२ व्होल्टच्या गाडीत हा झटका ८०-१०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, आणि तो सोसतात ईसीयू आणि सेन्सर. त्यातून गाडी चालू राहिली तरी ऑल्टरनेटर निर्दोष आहे असं सिद्ध होत नाही, कारण एक डायोड गेलेला ऑल्टरनेटरही गाडी चालू ठेवतो.

यासाठी व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी साधारण निम्मी. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले तर चार्जिंग होतंय. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला मधूनच चार्जिंग कमी करतात, तेव्हा लाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा. आणखी एक चाचणी फार कमी लोक करतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर ठेवा, दुसरं त्याच खुंटीवर आवळलेल्या क्लॅम्पवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ राहायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही चांगले असूनही गाडी उचलायला त्रास देऊ शकते. खुंटीवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी घासून काढली आणि क्लॅम्प घट्ट केला की काम होतं. नवी बॅटरी घेण्याआधी एवढं नक्की करा.

ऑइलचा रंग हा निकष नाही. डिझेल इंजिनमध्ये काजळीमुळे नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं, आणि मळ पोटात घेऊन फिरणं हे त्याचं कामच आहे. बदलायचं ते पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा महिन्यांना, जे आधी येईल तेव्हा. रंगापेक्षा पातळी बघा. ती कमी होत असेल तर ऑइल गळतंय किंवा जळतंय. कमी होण्याऐवजी वाढत असेल तर आत इंधन किंवा कूलंट उतरतंय, आणि ते जास्त गंभीर.

जुन्या गाडीत जाड ऑइल घातल्यावर आवाज कमी होतो खरा, पण थंड इंजिन चालू करताना ते वरच्या भागापर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि बरीच झीज त्याच क्षणांत होते. बारीक ऑइलवाटा असलेल्या, ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या इंजिनांना तर ते अजिबात मानवत नाही. ऑइल जळत असेल तर निळा धूर कधी येतो ते बघा. बराच वेळ उभी राहिलेली गाडी चालू करताना एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सीलं बघावीत. जोर दिल्यावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा.

टायरची हवा उन्हाळ्यात कमी करू नका. हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त दुमडतात, दुमडून जास्त तापतात आणि फुटण्याची भीती वाढते. संदेशात जे टाळायला सांगितलंय तेच ओढवतं. दारापाशी चिकटवलेल्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो आणि चालताना वाढणारा दाब त्यात धरलेला असतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो, वर्षभरात कमी झाला तर गळती आहे. ती शोधून बुजवा, मग भरा. बऱ्याचदा तर गॅस पूर्ण असतो आणि केबिन फिल्टर तुंबलेला असतो.

राहिला चेक इंजिनचा दिवा. बॅटरी काढल्यावर तो विझतो, पण त्याबरोबर ईसीयूने नोंदवलेला दोषाचा कोड जातो आणि दोष घडला त्या क्षणीचं इंजिनचं तापमान, आरपीएम, लोड ही नोंदही बहुधा पुसली जाते. मिस्त्रीला नेमकं हेच हवं असतं. दिवा काही दिवसांनी पुन्हा लागतो, तेव्हा शोध पहिल्यापासून. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचून घ्या आणि लिहून ठेवा.

पण कोडवरून थेट पार्टही बदलू नका. पी०१७१ हा कोड घ्या. मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी, एवढंच तो सांगतो. पुष्कळ जण लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दोष कुठल्या बाजूला आहे याचा माग स्कॅनरवरच लागतो. ईसीयू वाढवून देत असलेलं इंधन, म्हणजे फ्यूल ट्रिम, आयडलिंगला खूप जास्त आणि २५०० आरपीएमला बरंच कमी असेल तर एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलेला असण्याचा संभव मोठा. उलट जोर दिल्यावर ट्रिम वाढत असेल तर मळलेला हवामापक सेन्सर, तुंबलेला फ्यूल फिल्टर किंवा थकलेला पंप.

दिवा स्थिर पेटला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर एक-दोन दिवसांत तपासून घ्या. तो लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल तर इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटतंय. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तिथून ती टो करूनच न्या, आणि बॅटरीला हात लावू नका.