संजाचा कागद आणि भूरीबाईंचा कागद

गेल्या पितृपंधरवड्यात मला इथे इंदूरमध्ये एका ठिकाणी संजा-स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. हॉल, पंखे, पोहे-चहा, सगळं चोख. प्रत्येक मुलीला एक ड्रॉइंग शीट आणि दोन तास. सोळा दिवसांचं काम दोन तासांत! बहुतेकींनी मोबाइल समोर ठेवून एकच चित्र उतरवलं होतं. एकीनं हळूच विचारलं, "काकू, चुकलं तर दुसरा कागद मिळेल का?" मी आयोजकांकडे बघितलं, त्यांनी नकाराची मान हलवली. पहिलं बक्षीस मी दिलं ते कुणाला, तर जिचा रंग रेषेबाहेर गेला नव्हता तिला. घरी येताना माझीच मला लाज वाटत होती.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगते. संजा म्हणजे माळव्यातल्या कुमारिकांचा खेळ म्हणा, व्रत म्हणा. भाद्रपदी पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत रोज संध्याकाळी भिंतीवर शेणानं आकृती काढायची. पौर्णिमेला पाटला म्हणजे पाट, पंचमीला पाच कुंवारे म्हणजे बिनलग्नाची पोरं, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी म्हणजे म्हातारा-म्हातारी. चंद्र-सूर्य रोजचेच. शेवटी सगळ्यात मोठा किलाकोट, म्हणजे तटबंदीचा किल्ला, त्यात जाडी जसोदा आणि पातळ पेमा या बायकासुद्धा. मग आरती, गाणी, आणि झाकून आणलेला परसाद ओळखायचा. हो, आपल्या भोंडल्याच्या खिरापतीसारखाच. आमच्या घरात तर ही सोयच होती. शेजारी संजा नदीत गेली की चार दिवसांत आमचा पाटावरचा हत्ती तयार.

आजीला मात्र हे पटायचं नाही. "पितरं जेवायला येतात या दिवसांत, आणि ह्या कार्ट्या गाणी म्हणतायत!" शेजारच्या जीजीचं उत्तर ठरलेलं, "मांजी, तुमचा भादवा असेल, आमचा कुंवार लागला." दोघींचं खरंच होतं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. तोच पंधरवडा, नावं दोन: आपला भाद्रपद, त्यांचा कुंवार म्हणजे आश्विन. आजी बडबडत आत जायची आणि थोड्या वेळानं खिडकीत येऊन उभी राहायची.

शेण ताजं लागतं. शिळं असलं की भेगा पडतात, फार ओलं असलं की आकृती भिंतीवरून घसरते. बोटाएवढी वळी करायची, ती भिंतीवर दाबत न्यायची आणि ओली असतानाच वर पाकळ्या बसवायच्या. गुलतेवडीच्या, म्हणजे आजीच्या भाषेत तेरड्याच्या. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण इथे एक रात्र टिकला तरी पुरायचा, कारण दुसऱ्या दिवशी ते सगळं खरवडून टोपलीत जायचं. फुलं कमी पडली की मिठाईच्या डब्यातली पन्नी, म्हणजे चकचकीत कागद. माझी डोकरी एकदा डोकऱ्याच्या दुप्पट झाली. जीजी म्हणाली, "राहू दे, घरोघरी अशीच असते." कागद बदलून मागायची वेळच यायची नाही. चुकलं तर उचल आणि परत लाव.

आता बाजारात छापील संजा मिळते. आणायची, चिकटवायची, आरती करायची. त्यावर "कागदानं लोककला मारली" अशी हळहळ दरवर्षी ऐकू येते. मला ती पटत नाही, आणि त्याला कारण भूरीबाई.

झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या या भिल्ल बाई मजुरीसाठी भोपाळला आल्या. तिथल्या भारत भवन या कलाकेंद्रात त्या काम करत असताना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. तोवर गेरू, खडू-माती, पाल्याचा हिरवा आणि तव्याचा काळा एवढंच हाताशी होतं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमचं लक्ष जातं ते पद्मश्रीकडे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की भिल्लांमध्ये पिठोऱ्याचे, म्हणजे देवासाठी भिंतीवर काढायच्या चित्रातले, घोडे बायकांनी काढायचे नाहीत. ते काम लिखंदऱ्याचं, म्हणजे पिठोरा काढणाऱ्या पुरुषाचं. देवाची ती भिंत बाईला बंदच. भूरीबाईंनी तो नियम मोडला नाही, पिठोरा त्या काढत नाहीत. पण कागदावर त्यांनी झाडं, मोर, हरणं, आपलं गाव आणि पुढे विमानसुद्धा काढलं, ठिपक्यांनी भरून. कागदानं बाईला जागा दिली.

आमच्या छापील संजानं तीच जागा मुलीकडून काढून घेतली. भिंत तिची होती, पंधरा-सोळा दिवस तिथे तिला कुणी "हे असं नाही" म्हणायला येत नव्हतं. दोष कागदाला देऊन काय होणार? एका कागदावर हात चालतो, दुसऱ्यावर फक्त गोंद. स्पर्धेतला तिसरा प्रकार तर आणखी वाईट, हात चालतो पण भीत भीत. आणि हो, त्या स्पर्धेत परीक्षक मीच होते.

चित्रकलेचा विषय निघाला की आम्ही इंदूरवाले छाती फुगवून देवळालीकर मास्तर, बेंद्रे, हुसेन अशी नावं घेतो. घ्यावीतच. पण गल्लीगल्लीत दरवर्षी हजारो पोरी भिंतीवर रचना करत होत्या, त्याला आम्ही "पोरींचा खेळ" म्हणून सोडून दिलं. कारण त्यातलं काही विकलं जात नव्हतं, आणि उरतही नव्हतं.

तर यंदा भाचीच्या मुलीला घेऊन मी संजा करणार आहे. फ्लॅटची भिंत सोसायटी खराब करू देणार नाही, म्हणून जुन्या कपाटाचं दार गॅलरीत उभं केलंय. तिला सांगितलंय, मोबाइल आत ठेवायचा. अडचण एकच. 2017 पासून आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येत आलंय, कॉलनीत गाय औषधालाही दिसत नाही. ऑनलाइन गोवऱ्या मिळतात, त्या वाळलेल्या, काय उपयोग? रामबाग किंवा लोकमान्य नगरच्या बाजूला कुणाच्या ओळखीत गोठा असेल तर कमेंटमध्ये सांगा. रोज मूठभर पुरे, बादली मी आणीन.