नवव्या मात्रेबद्दल, आणि आपल्या गायतोंडेंबद्दल

सकाळपासून डोकं तापलंय. रात्री झोप लागायची असेल तर आत्ताच लिहून टाकलेलं बरं.

कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या चित्राची बातमी परत फिरवली. 1970 सालचं चित्र, 2025 च्या सप्टेंबरमध्ये लिलावात 67 कोटींना गेलं, ती. झालं, लगेच सुरू. "हे तं माझा नातूबी काढते." "आमच्या भिंतीले ओल आली तवा अस्संच दिसत होतं, मलेबी द्या दोन-चार कोटी." हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांगच रांग. एवढ्या सगळ्यांत एकाला तरी आठवावं ना, की हा माणूस आपल्या नागपुरात जन्मलाय? 2 नोव्हेंबर 1924, नागपूर. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2014 साली ज्याच्या चित्रांचं स्वतंत्र मोठं प्रदर्शन भरवलं, तो माणूस. आणि आपण त्याला भिंतीची ओल म्हणून राहिलो.

घराणं गोव्याचं, वाढले गोव्यात आणि गिरगावात, शिकले मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत, नागपूरच्या वाट्याला नुसता जन्म आला. मान्य. पण एखादा क्रिकेटपटू आजोळी म्हणून आठ दिवस येऊन गेला असता तर आपण चौकात त्याचं पोस्टर लावलं असतं!

मला सारखी आई आठवते आहे.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीला मावसभावाच्या लग्नाला गेलो होतो. परतीची विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळची, दिवस मोकळा, आणि मुंबईत गायतोंडेंच्या चित्रांचं प्रदर्शन लागलेलं. आईला म्हटलं, चल. आई मनपाच्या शाळेत तीस वर्षं शिकवून रिटायर झालेली, चित्राबित्राशी तिचा संबंध शाळेच्या फळ्यापुरता. हातात लाडू-चिवड्याची पिशवी. मला वाटलं, दहा मिनिटांत म्हणेल, चल आता, पाय दुखतात.

एका पिवळ्या चित्रासमोर ती थांबली. मी पुढे दोन दालनं फिरून आले, तरी ती तिथेच. म्हटलं, आई, चल ना. तर म्हणे, "थांब ना. कायची घाई आहे तुला?"

त्याबद्दल पुढे सांगते. आधी दुपारचा फोन.

माझ्या कथकच्या क्लासच्या आठ मुली कॉलनीच्या कार्यक्रमात तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा ताल, करणार आहेत. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावून तीन महिने तालीम चालू आहे. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, थाट, मग आमद म्हणजे प्रवेशाची रचना, मग तुकडे म्हणजे नाचाच्या छोट्या रचना, त्या दोन; एकूण अकरा मिनिटं. आयोजकांचा फोन: "मॅडम, चार मिनिटांत बसवा. आणि सुरुवातीला त्या पोरी नुसत्याच उभ्या राहतात, ते काढून टाका. पब्लिक बोर होऊन जाईल. त्यापेक्षा एखादं चालतं गाणं घ्या ना."

नुसत्याच उभ्या राहतात! अहो, ते उभं राहणं शिकवायला मला एकेका मुलीमागे दोन-दोन वर्षं लागली आहेत. थाटात फक्त मनगट हलतं, भुवई हलते, मान किंचित सरकते. बाकी सगळं अंग थांबलेलं, पण आत सोळा मात्रा चालू. बारा वर्षांच्या मुलीला चक्कर शिकवणं सोपं आहे. थांबायला शिकवून बघा.

इसाडोरा डंकन, जिच्यापासून पश्चिमेकडचा आधुनिक नाच सुरू झाला असं मानतात, ती तरुणपणी तासन् तास निश्चल उभी राहायची. दोन्ही हात छातीपाशी, जणू हालचाल आत कुठून उगवते तेच शोधते आहे. तिच्या आईला काळजी वाटायची, पोरीला झालंय तरी काय. हे तिनेच आत्मचरित्रात लिहिलंय, आणि ते मराठीत कोणी आणलं? रोहिणी भाटेंनी. कथकमधल्या आपल्या रोहिणीताई, ज्यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती काढली. अनवाणी नाचणाऱ्या त्या अमेरिकन बाईचं आयुष्य घुंगरू बांधणाऱ्या बाईला मराठीत आणावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. आणि बघा, रोहिणीताई 14 नोव्हेंबर 1924 च्या. गायतोंडेंपेक्षा फक्त बारा दिवसांनी लहान. 2024 मध्ये दोघांची शंभरी एकाच महिन्यात झाली. तेव्हा मी इथे दोन-तीन ठिकाणी जाऊन म्हटलं होतं की चित्र आणि नाच मिळून काहीतरी करू या. एका ठिकाणी मला विचारलं, "गायतोंडे कोण? नगरसेवक होते का?" राग नाही आला तेव्हा. घरी येऊन रडले.

तर आई त्या प्रदर्शनात, पिवळ्या चित्रासमोर. आईचे पाय दुखायला लागलेच. तिने तिथल्या गार्डला विचारलं, "दादा, बसायला काही मिळेल का?" त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचं स्टूल आणून दिलं. आई बसली, पिशवी पायाशी ठेवली आणि परत बघायला लागली. मी बाजूला उभी. आणि मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. उजवा हात मांडीवर ठेका धरून होता. टाळी, दोन, तीन, चार. टाळी, दोन, तीन, चार. मग तळवा उलटा झाला, आकाशाकडे, आणि तिथेच राहिला.

मी लहानपणी नागपूरच्या महाल भागात कथक शिकायला जायची, तेव्हा आई मला सायकलवर डबलसीट न्यायची आणि क्लास संपेपर्यंत मागे सतरंजीवर वह्या तपासत बसायची. नऊ वर्षं. तिने एक पाऊल टाकलं नाही, पण तीनताल तिच्या हाडात गेलेला. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला खाली: टाळी नाही, हात उलटा. तबल्यावरही तिथून पुढे डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा थांबतो, 'धिं धिं धा'चं 'तिं तिं ता' होतं. ती खाली नसेल तर सोळा मात्रांत आपण कुठे आहोत हेच कळणार नाही. सम, म्हणजे पहिली मात्रा, सापडणार नाही.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही खाली आहे गं. आख्खं चित्र खालीच्या मात्रेवर थांबलंय."

मी इतकी वर्षं नाचते आहे, शिकवते आहे, मला हे सुचलं नव्हतं.

गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे. उरलेला वेळ कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून. रोलर आणि नाइफने रंगाचे थर चढवायचे, काढायचे, परत चढवायचे, आतला प्रकाश वर येईपर्यंत. ते आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घेत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत, म्हणजे कुठल्या वस्तूचं चित्र नसलेली. दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटे राहिले. कोणाचा नातू सहा-सहा महिने कोऱ्या कागदासमोर बसतो, मला सांगा. हो, लहान पोरांच्या हाताला एक मोकळेपणा असतो, तेवढं खरं. आणि 67 कोटी हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, त्यातला एक रुपया गायतोंडेंना मिळालेला नाही, ते 2001 मध्येच गेले. त्या आकड्यावर हसा ना, खुशाल हसा. चित्रावर कशाला हसता?

चित्रकार रझांचंही तेच. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले, चित्रकला शिकायला आले ते आपल्या नागपूरला, जे.जे.च्या आणि पॅरिसच्या आधी. लहानपणी चित्त थाऱ्यावर नसायचं म्हणून गावच्या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. पुढे तो ठिपका जगभर 'बिंदू' म्हणून गेला. आज कुठल्या मास्तरला पालक असं करू देतील? तक्रार जाईल, तास फुकट घालवला म्हणून.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. आयोजक वाईट लोक नाहीत. स्टेजच्या परवानगीसाठी ते उन्हातान्हात हिंडून राहिले, मी पाहते आहे. त्यांना उत्तर कळवलंय: अकरा मिनिटंच होतील, गाणं नाही, थाट निघणार नाही. जमत नसेल तर शनिवारी संध्याकाळी सहाला आमच्या हॉलमध्ये करू. सोफा बाहेर काढला तर तीसेक माणसं बसतात. ग्रुपवर नातवाची गोष्ट सांगणाऱ्या काकांनाही मी मनापासून बोलावते आहे. नातवाला घेऊन या, काका.

आईही पुढेच बसेल. आता तिला फार वेळ उभं राहवत नाही.

त्या दिवशी निघताना तिने स्टूल उचलून गार्डला परत द्यायला नेलं. तो हसून म्हणाला, "आजी, इतका वेळ काय बघितलं? मी रोज इथे उभा असतो, मला तर काही दिसत नाही." आईने स्टूल त्याच चित्रासमोर परत ठेवलं आणि म्हणाली, "रोज उभे असता ना? आता बसा थोडं. मी पाहते तोवर तुमच्या दाराकडे."

आणि ती खरंच दारापाशी जाऊन उभी राहिली, लाडवाची पिशवी हातात धरून.