भरीत पार्टीत ताक

परवाची भरीत पार्टी अजून डोक्यातून जात नाहीये. गेले दोन महिने मी संध्याकाळी सातनंतर काही खात नाही, हे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मळ्यात जेवण 'सातला' ठरलेलं. सातला वांगी कपाशीच्या काड्यांवर चढलीसुद्धा नव्हती, पानं वाढली साडेनऊला!

मी म्हटलं, मला फक्त ताक द्या. झालं. शेजारचे मामा (कुणाचे ते अजून कळलेलं नाही) हातातली कळण्याची भाकरी तशीच धरून वळले.

"काय भो, शुगर निघाली का?"

"नाही मामा. रात्री इन्शुलिन नीट काम करत नाही ना, म्हणून लवकर जेवतो."

मामांनी त्यातलं एकच उचललं. "इन्शुलिनवर गेला पोरगा!" पंगतीच्या पार त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. वाढणारा माझ्या पानावरून पुरी परत घेऊन गेला, हे तर मी कधीच विसरणार नाही.

मग मी चूक केली, समजवायला गेलो. २०१८ साली अमेरिकेत काठावर शुगर असलेल्या आठ पुरुषांना पाच आठवडे सगळं खाणं दिवसाच्या सहा तासांत, शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत, असं दिलं आणि वजन तेवढंच राहूनही इन्शुलिनचं काम सुधारलं, ब्लडप्रेशर उतरलं वगैरे वगैरे.

"वजन तेवढंच?"

"हो."

"मंग उपाशी कशाले मेले ते?"

अख्खी पंगत हसली. २०२२ चा चीनमधला अभ्यास तर मी गिळूनच टाकला, १३९ लठ्ठ माणसं, वर्षभर, सगळ्यांना कमी कॅलरी, त्यातल्या अर्ध्यांना वरून सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खायचं बंधन, आणि दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक नाही. मामांच्या हातात आयतं कोलीत कोण देणार?

मामा सत्तरीचे, काडीसारखे. "लाइट रात्री येते, पानी भरून बारा वाजता जेवतो मी. मले काय झालं?" यावर मी काय बोलणार? पोटाचं घड्याळ सांभाळा म्हणणं सोपंय हो, पण पंपाला दिवसा वीज द्या म्हणून लोक किती वर्षं बोंबलतायत, ते घड्याळ कुणी सांभाळायचं? मामांपुढे माझं सातचं कौतुक जरा शहाणपणाचंच वाटायला लागलं, आणि त्याचाही मला रागच आला.

निघताना मामांनी भरताचा डबा हातात कोंबला. "सकाळी खाय, सातनंतर." साडेअकराला ओट्याशी उभं राहून संपवला.

सकाळी चोपड्याहून आत्याचा फोन. "मेथ्या भिजव रोज. आन ते इन्शुलिन फ्रीजमधी ठेव बरं, बाहेर खराब होतं."